रजईवाल्यांच्या रस्त्यावरची रजई

मोठ्या बाजाराच्या दारात वेहबीला अडवलं ते त्याच्या गाठोड्यामुळे.

"काका, सोडा ते. आत काय आहे ते बघायचंय," पहारेकरी म्हणाला.

वेहबीने गाठोडं टेबलावर ठेवलं आणि गाठ सोडायला घेतली. ती त्याच्या बायकोने, नेफिसेने, सकाळी चिडून मारलेली होती, सुटता सुटेना. मागे परदेशी पाहुण्यांची रांग खोळंबली. शेवटी एकदाची सुटली आणि डाळिंबी साटिनची रजई टेबलभर पसरून कडेवरून खाली घसरायला लागली. पहारेकऱ्याने घाईघाईने तिला कवेत घेतलं.

"रजई?"

"रजई."

"अहो काका, लोक बाजारातून सामान घेऊन जातात. बाजारात घेऊन येणारे तुम्हीच पहिले!"

रांगेतल्या दोघा-तिघांनी फोटो काढले. नेफिसे एव्हाना पुढे जाऊन एका दिव्यांच्या दुकानासमोर उभी होती. या माणसाशी आपला काही संबंध नाही, असा चेहरा तिने केला होता. चाळीस वर्षांच्या संसारात तो चेहरा तिला चांगला जमायला लागला होता.

वेहबी रजया शिवायचा. तोकात गावात, तिथल्या जुन्या छपराच्या बाजारात, त्याचं दुकान होतं. 'होतं' म्हणायची अजून त्याच्या जिभेला सवय झालेली नव्हती. या उन्हाळ्यात ते बंद केलं. डोळ्यांनी दगा दिला. दिसत होतं सगळं, पण सुईच्या नेढ्यात दोरा जाईना, आणि साटिनवर खडूने आखलेली रेघ दिव्याखाली धरली तरी हलायला लागायची. मुलगा तारिक म्हणाला, "बाबा, पुरे आता. आराम करा." आराम म्हणजे काय करायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. माल विकला, कापूस वाटला, लांब सुया एका शेजाऱ्याला दिल्या. राहिली ती ही एक रजई. एका लग्नासाठी सांगितलेली. ते लग्न मोडलं आणि न्यायला कुणी फिरकलंच नाही.

सुनेला विचारून झालं. ती बिचारी मनाने चांगली. म्हणाली, "बाबा, इतक्या वजनाखाली आम्ही झोपणार कसे? पण मी नीट घडी घालून पेटाऱ्यात ठेवीन हं." पेटारा म्हटल्याबरोबर वेहबी जेवणावरून उठला. त्याचा उस्ताद काझिम उस्ता सांगायचा, पेटाऱ्यात गेली ती रजई मेली. फुकट दिलेली रजई पेटाऱ्यात जाते आणि भाव करून, पैसे मोजून घेतलेली अंगावर जाते. वेहबीला पैशांची अडचण नव्हती. ही शेवटची रजई रीतसर विकली जावी आणि कुणीतरी ती थंडीत अंगावर ओढून झोपावं, एवढंच त्याला हवं होतं. तेवढं झालं असतं, तर दुकान बंद केल्याचं दुःख त्याने गिळलं असतं.

मग तारिकने आईवडिलांना इस्तंबूलच्या सहलीचं तिकीट काढून दिलं. वेहबी नाहीच म्हणत होता. पण सहलीत मोठा छपराचा बाजार आहे असं कळलं आणि त्याचे कान टवकारले. काझिम उस्ता तरुणपणी तिथेच शिकलेला, रजईवाल्यांच्या रस्त्यावर. दोन्ही बाजूंना ओट्यांवर मांडी घालून कारागीर बसलेले, हवेत कापूस उडतोय, नवऱ्या मुलींच्या आया रजया उलट्या करून टाके तपासतायत, हे सगळं तो रोज चहाबरोबर ऐकवायचा. वेहबीला वाटलं, तिथे हिची कदर नाही झाली तर जगात कुठेच होणार नाही.

"स्थळ बघायला चाललेत हो लेकीला," नेफिसेने बसमध्ये शेजारणीला सांगितलं. "तोकातमध्ये जमेना. आता थेट इस्तंबूलचा नवरा!" सगळी बस हसली. गाठोडं ठेवायला वर जागा नव्हती, म्हणून रात्रभर ते वेहबीच्या मांडीवर होतं. सकाळी उतरला तेव्हा त्याचे पाय लाकडाचे झाले होते.

आणि आता हा बाजार.

गाईड तुलाय पिवळी छत्री उंच धरून सगळ्यांना ओरडून सांगत होती, "आजी-आजोबा, ऐका! चहाच्या वेळेला याच दारात! हरवलात तर कुणालाही नुरुओस्मानिये दरवाजा विचारा. आणि पाकिटं सांभाळा!"

"मी बायकांबरोबर सोनं बघून येते," नेफिसे म्हणाली. "बघायला पैसे पडत नाहीत. तुम्ही फिरा लेकीला घेऊन. आणि पाय दुखले तर बसा कुठेतरी. उगाच कुणाशी वाद घालू नका."

"मी कशाला वाद घालतोय?"

"कालच घातलात. बसवाल्याशी. उशीवरून."

"ती उशी होती का? त्यात स्पंज होता!"

"बघा," नेफिसे म्हणाली आणि गेली.

गाठोडं खांद्यावर घेऊन वेहबी गर्दीत शिरला. वरती कमानीच कमानी, खाली माणसंच माणसं. मसाले, चामडं, अत्तर आणि तळलेलं काहीतरी, सगळ्यांचा वास एकात एक मिसळलेला. दुकानदार दारात उभे राहून सगळ्या जगाच्या भाषांत हाका मारत होते. वेहबी आला की गप्प व्हायचे आणि तो पुढे गेला की पुन्हा सुरू करायचे. एकाने तर "बाजूला हो रे हमाल" असंही म्हटलं. थोडं पुढे एका गोऱ्या बाईने त्याला थांबवून आपल्या दोन पिशव्या त्याच्या गाठोड्यावर ठेवल्या आणि हॉटेलचं नाव सांगितलं. त्या परत देताना त्याची पुरेवाट झाली. बाई रागावली, पण तिचा राग त्याला कळला नाही आणि त्याची माफी तिला.

वाट विचारत, दोनदा चुकत, एकदा आल्या जागीच परत येत, तो शेवटी तिथे पोचला. पाटी होती, वळणावर, भिंतीत उंच बसवलेली. रजईवाल्यांचा रस्ता. वेहबीने ती नीट वाचली, मग खात्रीसाठी पुन्हा वाचली. मग खाली बघितलं.

रजई एकही नव्हती. फुटबॉलचे सदरे होते, चामड्याची जाकिटं होती, मोठमोठ्या नावांच्या नकली पर्सा होत्या. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तो चालत गेला आणि परत आला. ओटे होते तिथे काचा आल्या होत्या. कापसाचा एक तंतूसुद्धा हवेत नव्हता.

"रजईवाले कुठे बसतात?" त्याने सदरेवाल्याला विचारलं.

"रजईवाले?" सदरेवाला हसला, पण वाईट हसला नाही. "काका, ते माझ्या बापाच्या लहानपणी गेले. आता नुसतं नाव राहिलंय. तुम्हाला कुठला संघ दाखवू?"

आता आलोच आहोत तर विचारायला काय जातं, म्हणून त्याने दोन-तीन दुकानांत गाठोडं सोडून दाखवलं. जाकीटवाल्याने तोंड भरून कौतुक केलं, आपल्या आजीची आठवण काढली आणि घेणार नाही म्हणाला. पर्सवाल्याने मात्र साटिन दोन बोटांत धरून उजेडात नीट बघितलं. वेहबीला जरा धीर आला.

"काम झकास आहे, उस्ता. एक विचारू? कापून देता का? हिचे उशांचे पंधरा-वीस अभ्रे निघतील. अभ्रे काय मस्त जातात बघा, बॅगेत मावतात ना."

वेहबीने रजई बांधली. अपमान असा नव्हता. माणूस धंद्याचंच बोलत होता. पण आता मात्र वेहबी थकला. तळव्यांपासून वर चढत चढत तो थकवा मानेपर्यंत आला. आपण मोठे मूर्ख आहोत, असं त्याला स्वच्छ वाटलं. बायको हसते ते बरोबरच हसते. मेलेल्या उस्तादाच्या गप्पांवर विश्वास ठेवून माणूस पाच किलोचं ओझं घेऊन अर्धा देश ओलांडतो, याला दुसरं काय म्हणायचं?

रस्त्याच्या शेवटी, वळणाच्या कोपऱ्यात एक लहानसं दुकान होतं. टॉवेल, हमामात गुंडाळायचे पंचे, चादरी, थोड्या शाली. आत कुणी नव्हतं. दारात एक लाकडी खुर्ची आडवी टाकलेली होती.

ती बघितली आणि वेहबीला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. म्हणजे सगळंच काही गेलं नव्हतं तर! तोकातच्या बाजारात दारात आडवी खुर्ची दिसली की लहान पोरालाही कळायचं, मालक नमाजाला गेलाय, नाहीतर जवळच कुठे कामाला. दुकान शेजाऱ्यांच्या भरवशावर आहे. गिऱ्हाईक आलं तर शेजाऱ्याने उठायचं, माल दाखवायचा, पैसे घेऊन ठेवायचे. वेहबीचं दुकान असं किती वेळा शेजाऱ्यांनी चालवलं आणि त्याने शेजाऱ्यांचं. तो शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसला, गाठोडं बाजूला ठेवलं, बूट सैल केले. इथे बसायला त्याला कुणाची परवानगी लागत नव्हती.

थोड्या वेळाने एक उंच, लाल झालेला परदेशी गृहस्थ आला आणि खुर्चीवरून वाकून निळा पंचा ओढायला लागला. वेहबीने पलीकडच्या दुकानाकडे बघितलं. तिथला माणूस फोनवर कुणाशी तरी तावातावाने भांडत होता; त्याने मान वर केली नाही. आता काय करायचं? गिऱ्हाईक दारात आणि दुकान एकटं. वेहबी उठला. गुडघे कुरकुरले. खुर्ची जराशी सरकवून तो आत गेला आणि मागे हात बांधून, चाळीस वर्षं उभा राहायचा तसा उभा राहिला.

किमतीच्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या, त्यामुळे अडलं नाही. गृहस्थाने भाव पाडायचा प्रयत्न केला. वेहबीने फक्त मान हलवली आणि पंच्याचे काठ ताणून दाखवले. गृहस्थाने पैसे दिले. दुसऱ्याच्या दुकानाची दिवसातली बोहनी कदाचित हीच असेल, म्हणून वेहबीने ते कपाळाला लावले आणि गल्ल्याला हात न लावता चहाच्या रिकाम्या तबकाखाली ठेवून दिले. मग दोन बायका आल्या, त्यांनी टॉवेल घेतले. मधल्या वेळात त्याने चादरींच्या थप्प्या सरळ केल्या. मालक हाताने गबाळा दिसत होता. पाय दुखायचे थांबले नव्हते, पण त्यांच्याकडे लक्ष द्यायला आता वेळ नव्हता.

एक गोष्ट मात्र त्याने सगळ्यात आधी केली होती. आपलं गाठोडं दुकानाच्या उंबऱ्यापासून लांब सरकवलं होतं. राखणीचा दुसरा नियम तो: दुसऱ्याचं दुकान राखताना स्वतःचं काही विकायचं नाही. त्याच्या दारात आलेलं गिऱ्हाईक म्हणजे त्याच्या ताटातला घास. तोकातमध्ये एका माणसाने शेजारी नमाजाला गेला असताना त्याच्याकडे आलेल्या गिऱ्हाइकाला आपले मोजे विकले होते. त्याच्या भरवशावर पुढे कधी खुर्ची आडवी टाकून कुणी गेलं नाही. तो मेला तेव्हाही लोक ती गोष्ट बोलत होते.

तेवढ्यात एक आई आणि मुलगी आल्या. बोलण्यावरून एर्झुरूमकडच्या वाटत होत्या, बर्फाच्या मुलखातल्या. मुलीच्या बोटात साखरपुड्याची अंगठी. आईने टॉवेल हातात घेतला, खाली ठेवला, आणि तिची नजर पायरीवर गेली. गाठोड्याची गाठ सैल झाली होती. डाळिंबी कोपरा बाहेर डोकावत होता.

"अगो बाई! हे काय?" आईने विचारायच्या आधीच गाठ सोडली. "हातची आहे! बघ, बघ, मधे ट्यूलिप काढलाय. माझ्या आईने मला अशी दिली होती. काका, कापूस की लोकर?"

"कापूस," वेहबी म्हणाला. "हाताने पिंजलेला."

"आमच्याकडे दोन दुकानं फिरले, सगळीकडे ती फुसकी, यंत्रावरची. सहा महिने बर्फ असतो आमच्याकडे, त्यात काय करायचंय त्या कागदाला? ये, अंगावर घेऊन बघ गं." तिने ती मुलीच्या खांद्यांवर टाकली. मुलगी लाजली, हसली, आणि गाल साटिनला लावून उभी राहिली.

"कितीला?" आई म्हणाली.

वेहबीने तोंड उघडलं. पंधरा दिवस तो हाच प्रश्न ऐकायची वाट बघत होता. तोंड उघडंच राहिलं.

"विकायची नाही," तो म्हणाला.

"विकायची नाही? मग बाजारात कशाला आणली?"

"म्हणजे विकायचीच आहे. पण इथे नाही. हे दुकान माझं नाही, ताई. मालक बाहेर गेलाय, मी नुसता राखतोय. तुम्ही त्याच्याकडे आलात. तो येऊ दे, तो हो म्हणाला की लगेच."

"कधी येणार?"

"येईलच."

"अहो काका, आमची बस सुटतेय! असं करा, चार पावलं तिकडे चला, रस्त्याच्या टोकाला. तिथे तुम्ही विका, मी घेते. मग तर झालं?"

वेहबीने आडव्या खुर्चीकडे बघितलं. चार पावलं. तेवढ्यात कुणी आत शिरून काही उचललं तर? आणि कुणी उचललं नाही तरी काय? भरवशावर सोडलेलं दुकान सोडून तो आपला धंदा करायला जाणार, तो मोजेवाल्यापेक्षा बरा कसा?

"नाही जमणार, ताई," तो म्हणाला. "थोडं थांबा."

त्या थांबल्या. आईने चार वेळा घड्याळ बघितलं. वेहबीने रस्त्याच्या दोन्ही टोकांना मान वळवून वळवून बघितलं. ज्याला ओळखत नाही तो माणूस येताना कसा दिसेल, याचा अंदाज घेत. मग आईचा फोन वाजला आणि तिने मुलीच्या खांद्यावरून रजई काढून घेतली. "चल, सगळे खोळंबलेत." मुलीने वळणावरून एकदा मागे बघितलं. मग त्या दिसेनाशा झाल्या.

वेहबीने रजईची घडी घातली. डोळ्यांत पाणी येतंय असं त्याला वाटलं. त्याने ते येऊ दिलं, कारण तिथे त्याला ओळखणारं कुणी नव्हतं.

पण नेफिसे आली होती.

"दोन बायका हसत गेल्या माझ्यासमोरून," ती म्हणाली. "म्हणत होत्या, एक वेडा म्हातारा रजई घेऊन बसलाय आणि विकत नाही. म्हटलं, हे आपलंच माणूस." ती धपकन पायरीवर बसली आणि बूट काढून पाऊल चोळायला लागली. "गोष्ट काय झाली?"

वेहबीने सांगितली. ती पाऊल चोळत ऐकत राहिली. त्याला वाटलं, आता ही तोडून खाणार. पण तेवढ्यात दुकानाचा मालक आला. चाळिशीचा, दाढी नीट कोरलेली, हातात खाल्लेल्या पावाचा कागद.

"काय पाहिजे, काका?"

"तुमचं दुकान राखलं," वेहबी म्हणाला. "खुर्ची दिसली आडवी. तीन गिऱ्हाइकं झाली. पैसे तबकाखाली आहेत."

मालकाने तबक उचललं. पैसे बघितले, वेहबीकडे बघितलं, पुन्हा पैसे बघितले. त्याचं नाव इल्केर. तो खरोखरच गोंधळला होता.

"खुर्ची होय? अहो काका, तिचा पाय निघालाय. सकाळी डिंक लावला. वाळेपर्यंत आडवी ठेवली दारात, एवढंच. नाहीतर कुणीतरी बसतं तिच्यावर आणि आपटतं."

"मग दुकान? दुकान कुणाच्या भरवशावर सोडलं?"

इल्केरने बोट वर केलं. कोपऱ्यात, कमानीखाली, एक काळा लहानसा कॅमेरा होता. "सगळं फोनवर दिसतं मला. आत्ताच बघणार होतो, खाता खाता राहिलं."

वेहबी त्या कॅमेऱ्याकडे बघत राहिला. नेफिसेने तेवढ्यात त्याने केलेला सगळा पराक्रम इल्केरला सांगून टाकला: एर्झुरूमच्या बायका, बर्फ, चार पावलं. इल्केर आधी हसला आणि मग हसायचा थांबला.

"विकायची की, काका! मी काय म्हणणार होतो? आजकाल कोण हे असलं बघतं?"

"कुणी नाही," वेहबी म्हणाला. "दिसतंय ते."

इल्केर मनाचा वाईट नव्हता. त्याने समोरून चहा मागवला, दोघांना आत बसवलं आणि रजई उलगडून बघितली. बघता बघता त्याचे डोळे चमकले. "एक बोलू? माझ्याकडे द्या. ही मागची भिंत रिकामी आहे. वर दिवा सोडतो, खाली पाटी लावतो: रजईवाल्यांच्या रस्त्यावरची शेवटची रजई. जगभरचे लोक फोटो काढतील. तुम्ही म्हणाल ते पैसे देतो. म्हणजे जरा बेताने म्हणा."

"आणि ती कुणाला विकणार?"

"विकायची कशाला? हिच्यामुळे टॉवेल विकले जातील."

वेहबीने भिंत बघितली. भिंत म्हणजे पेटाराच, फक्त उघडा. पण तो फार दमला होता. पुन्हा रात्रभर ते ओझं मांडीवर, पुन्हा बसमधली चेष्टा, पुन्हा घरात ती घडी. तो इल्केरला 'घे बाबा' म्हणणार, एवढ्यात नेफिसेने चहाचा पेला खाली ठेवला.

"आता मालक दुकानात आहे ना?" तिने विचारलं.

"आहे," इल्केर म्हणाला.

"आणि या उस्ताने इथे आपला माल विकला तर तुमची हरकत नाही?"

"अजिबात नाही, काकू."

"मग कितीला देणार ही, उस्ता?"

वेहबीला वाटलं, चेष्टा चाललीय. "नेफिसे, आता नको गं."

"गिऱ्हाइकाशी असं बोलतात? भाव विचारतेय मी."

"तुला हवी असेल तर घे ना. पैसे कसले?"

"फुकट?" तिचा आवाज चढला. "फुकट दिलेली पेटाऱ्यात जाते, हे पंधरा दिवस कोण ऐकवतंय घरात? सुनेला विचारलंत. शेजारणीच्या भाचीला विचारलंत. त्या बसवाल्यालासुद्धा विचारलंत! मला विचारलंत एकदा तरी?" ती इल्केरकडे वळली. "भाऊ, आमच्या घरी अंगावर काय आहे, माहितीये? तुकड्यांची वाकळ. उरलंसुरलं साटिन, डागाळलेला कापूस. लग्न झालं तेव्हा हे शिकत होते. म्हणाले, जरा हात बसू दे, मग तुझी शिवतो, अशी शिवतो की बघत राहशील. हात बसला. मग गिऱ्हाइकं वाढली, मग पोरं झाली, मग दर हंगामाला लग्नं. मी म्हटलं, शेवटची तरी येईल माझ्याकडे. तर ही घेऊन हे निघाले इस्तंबूलला!"

बाहेर कुणीतरी इंग्रजीत दिव्यांचे भाव ओरडत होतं. वेहबीला तोंड वर करवेना. चाळीस वर्षं ज्या वाकळीखाली तो झोपला, ती त्याने आज पहिल्यांदा डोळ्यांसमोर आणली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"मागितली का नाहीस?" तो हळूच म्हणाला.

"मागितली असती तर दिली असतीत," ती म्हणाली. "फुकट."

तिने गळ्यातून कापडी पिशवी वर ओढली. त्यात तिचे स्वतःचे पैसे असत. दर उन्हाळ्यात द्राक्षवेलीची पानं खारवून विकायची, त्याचे. "सांगा भाव."

वेहबीने भाव सांगितला. निम्माच सांगणार होता, पण तिच्या डोळ्यांकडे बघून पूर्ण सांगितला. इल्केरने शीळ घातली.

"लुटायला बसलात की काय?" नेफिसे म्हणाली. तिने रजई मांडीवर ओढली, उलटी केली आणि टाक्यांवरून बोट फिरवायला लागली. अगदी नवऱ्या मुलींच्या आया बघायच्या तशी. बोट ट्यूलिपच्या एका पाकळीवर थांबलं. "हा टाका वाकडा गेलाय."

"कुठे?" वेहबी दचकून पुढे वाकला. डोळे बारीक केले, रजई दिव्याकडे धरली. "कुठे गं? मला दिसत नाही."

"नाहीच दिसणार," ती म्हणाली, पण आता आवाज खाली आला होता. तिने त्याचं बोट धरलं आणि त्या जागेवर ठेवलं. टाका खरंच वाकडा होता. "तुम्ही शिवताना मी बघितला होता. बोलले नाही. थोडे कमी करा."

त्याने कमी केले. तिने आणखी ताणलं, त्याने थोडं सोडलं, थोडं धरलं. इल्केर एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता आणि चहा प्यायला विसरला होता. सौदा ठरला. नेफिसेने पैसे मोजून त्याच्या हातावर ठेवले. वेहबीने रजईची घडी घातली, कडा जुळवल्या, गाठोडं बांधलं, दोन्ही हातांनी उचलून तिच्यापुढे धरलं. मग आपल्या दुकानातल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो जे म्हणत आला होता ते म्हणाला.

"हसत हसत वापरा, बाई."

नेफिसेने गाठोडं घेतलं, छातीशी धरलं आणि इल्केरच्या दुकानात, परक्या माणसांसमोर, हमसून हमसून रडायला लागली.